यादीत नाही म्हणजे नाहीच का? ‘एलएस’ या दोन अक्षरांचा इतिहास

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं संगणकाच्या काळ्या पडद्यावरची एक आज्ञा घेऊन का बोलावं? आज्ञा अगदी साधी आहे. ‘एलएस’ ही दोन अक्षरं टंकायची, एंटर दाबायचं, आणि त्या कप्प्यात कोणत्या फाइली आहेत त्यांची नावं समोर येतात. पण या साध्या गोष्टीत ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोन शब्द दडलेले आहेत, आणि ते आमच्याच खात्यातले आहेत.

सुरुवात घराजवळून करू. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. ही यादी इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. तिचा क्रम रुळांनी ठरवलेला आहे. हीच नावं अकारविल्हे लावा: कल्याण, कळवा, कोपर, ठाकुर्ली, ठाणे, डोंबिवली, दिवा, मुंब्रा. शोधायला सोपं झालं, पण या यादीवर भरवसा ठेवून कोणी गाडीतून उतरू पाहील तर घोटाळा होईल. तिसरा क्रम काळाचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ च्या मे महिन्यात कल्याणपर्यंत. म्हणजे आधी ठाणे, मग कल्याण, आणि मधलं कोपर कितीतरी नंतर. नावं तीच, याद्या तीन. कोणती खरी, हा प्रश्न निरर्थक आहे. कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय, एवढंच विचारता येतं. एलएसला काही सांगितलं नाही तर ती वर्णानुक्रम देते. ‘टी’ हा पर्याय जोडला तर काळाचा क्रम, सर्वात अलीकडे बदललेलं सर्वात वर.

ग्रंथालयात काम केलेल्यांना हे नवं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ते सुरू करण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा, तेच ‘महाराष्ट्र सारस्वत’वाले, आणि तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४ चं. अशा प्रत्येक ठिकाणी दोन वह्या असतात. एक दाखल नोंदवही: पुस्तक ज्या क्रमानं आलं त्या क्रमानं आकडा पडतो, आणि तो आकडा पुन्हा बदलत नाही. दुसरी सूची, वाचकासाठी, नावाच्या नाहीतर विषयाच्या क्रमानं. एकच ग्रंथ दोन्हीकडे असतो. हा कायमचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याहून मोठी यादी म्हणजे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी ग्रंथांची नोंद करणारा पहिला भाग १९४३ मध्ये आला, १९५० पर्यंतचा दुसरा १९६१ मध्ये. ही सूची नुसती चाळली तरी कळतं की यादी करणं हे कारकुनी काम नव्हे. काय घ्यायचं, काय गाळायचं आणि कशाखाली घालायचं, याचा निर्णय प्रत्येक ओळीला करावा लागतो.

आणि कप्प्यात कप्पा, त्यात पुन्हा कप्पा, ही रचना आम्हाला परदेशातून शिकायला नको होती. पुण्याचं पेशवे दफ्तर पाहिलेलं असेल त्याला ठाऊक आहे. दफ्तराचे विभाग, विभागात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, रुमालात पुडकी आणि पुडक्यात कागद. अभ्यासक संदर्भ देतो तेव्हा अमुक दफ्तर, अमुक रुमाल, अमुक पुडकं असाच पत्ता लिहितो. संगणकवाले यालाच ‘पाथ’ म्हणतात आणि मधे तिरक्या रेघा देतात. गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास या रुमालांतून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले. निवडलेले, हा शब्द महत्त्वाचा. त्या ४५ खंडांत एखादी गोष्ट सापडत नाही, म्हणून ती दफ्तरात नाही असं कोणी शहाणा माणूस म्हणत नाही.

आता यंत्राकडे वळू. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटानं एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखवून दिली. अनेकजण आले की प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवाव्या लागणार, आणि ‘माझं काय काय आहे ते दाखव’ ही मागणी लगेच येणार. त्या व्यवस्थेत त्यासाठी ‘लिस्टएफ’ अशी आज्ञा होती. पुढच्या मल्टिक्स या प्रकल्पात डिरेक्टरीत डिरेक्टरी ठेवायची सोय झाली. डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये तिचा आराखडा मांडला. मल्टिक्समध्ये यादीच्या आज्ञेचं नाव ‘लिस्ट’, आणि तिचंच आखूड रूप ‘एलएस’. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेनं मल्टिक्समधून अंग काढून घेतलं, आणि तिथल्याच केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी एका लहान, जुन्या यंत्रावर युनिक्स उभं केलं. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकात एलएस आहे, आणि आजही वापरात असलेले तिचे काही पर्याय तेव्हाच तिथे आहेत.

दोनच अक्षरं का? तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं, टंकलेखन यंत्राचं थोरलं भावंड होतं. ते कागदावर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचं आणि त्याच्या कळा दाबताना बोटं दुखायची. म्हणून आज्ञा आखूड, उत्तर आखूड, आणि सांगण्यासारखं काही नसेल तर गप्प बसायचं. हे गप्प बसणं आमच्या आजच्या विषयाचं मर्म आहे.

त्याआधी डिरेक्टरी म्हणजे काय ते नीट पाहू. आपल्याला वाटतं, कपाटात पुस्तकं तशा डिरेक्टरीत फाइली. तसं नाही. सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये, म्हणजे १९७९ मध्ये, डिरेक्टरी ही १६ बाइटांच्या ओळींची एक वही होती. दोन बाइटांत एक आकडा, उरलेल्या १४ बाइटांत नाव. बस. खरी फाइल त्या आकड्यापाशी. नाव ही नुसती नोंद. हा आकडा म्हणजे आपला दाखल क्रमांक. आणि म्हणून एकाच फाइलीला दोन डिरेक्टऱ्यांत दोन नावं असू शकतात. आपल्याकडे हे समजावायला कष्ट पडत नाहीत. माहेरची कुसुम सासरी सुलभा होते. माहेरच्या यादीत कुसुम, सासरच्या यादीत सुलभा, बाई एकच. दोघींना वेगवेगळी आमंत्रणं पाठवणारा फसतो. एलएसला ‘आय’ पर्याय दिला की ती आकडाही दाखवते, आणि मग कळतं की अरे, ही तीच.

फाइल काढून टाकली की काय व्हायचं? त्या वहीतला आकडा शून्य व्हायचा. नाव जागच्या जागी राहायचं! एलएस त्या ओळीपाशी आली की शून्य पाहून पुढे सरकायची. ग्रंथालयात पुस्तक निर्लेखित केल्यावर नोंदवहीतली ओळ खोडतात, फाडत नाहीत, तसंच.

आता त्या गप्प बसण्याकडे येऊ. प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी आपोआप असतात. एक टिंब म्हणजे ‘मी स्वतः’, दोन टिंबं म्हणजे ‘माझ्या वरची’. प्रत्येक यादीत ही दोन टिंबं यायला लागली तर कटकट. म्हणून एलएसमध्ये एक तपासणी घातली गेली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ओळ सोडून द्या. रॉब पाइक हे त्याच प्रयोगशाळेतले पुढच्या पिढीतले संशोधक. त्यांनी २०१२ मध्ये ही हकीकत लिहिली, तेव्हा हा घाईचा शॉर्टकट होता असं स्पष्ट म्हटलं. तपासायला हवं होतं पूर्ण नाव, तपासलं फक्त पहिलं अक्षर. परिणाम असा की टिंबानं सुरू होणारी कोणतीही फाइल यादीतून गायब. मग कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी आपापल्या बारीकसारीक फाइली टिंब लावून तिथेच ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे ही सवय म्हणजेच नियम झाला. डॉसमध्ये फाइल लपवण्यासाठी वेगळी खूण होती, ती कोणीतरी विचार करून दिलेली. इथे तसं काही नाही. एका आळसाची प्रथा झाली, आणि प्रथेचं शास्त्र. आपल्या समाजाला यात नवल वाटू नये.

पाहायच्या असतील तर ‘ए’ पर्याय द्यावा लागतो, म्हणजे ‘सगळं दाखव’. पण ज्याला लपवलेलं आहे हेच ठाऊक नाही, तो सगळं दाखव असं म्हणणार कसा? त्याला वाटतं, सगळंच तर दिसतंय.

इथे आमचे जुने नैयायिक कामाला येतात. वैशेषिकांनी आधी सहा पदार्थ मानले. पुढे अभाव हा सातवा झाला. नसणं हीदेखील जाणण्याची गोष्ट आहे. नेहमीचं उदाहरण जमिनीवरच्या घटाचं. ‘इथे घट नाही’ हे ज्ञान होतं कसं? कुमारिल भट्टांच्या मताचे मीमांसक म्हणाले, अनुपलब्धी हे त्यासाठी वेगळं प्रमाण मानू. नैयायिकांना वेगळं प्रमाण नको होतं. पण एका अटीवर दोघांचं जमलं, ती अट म्हणजे योग्यता. घट इथे असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे हवेत, मधे आडोसा नको. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असं ठरत नाही. आणि पिशाच तर लख्ख उजेडातही दिसत नाही. म्हणून न दिसण्यावरून त्याचं नसणं सिद्ध होत नाही. त्यांच्या ग्रंथांत पिशाच येतं ते गंमत म्हणून नाही, याच मुद्द्यासाठी येतं.

टिंबवाली फाइल म्हणजे एलएसपुरतं पिशाच. उजेड भरपूर, तरी दिसत नाही.

या आज्ञेची उत्तरंही याच दृष्टीनं पाहण्यासारखी आहेत. डिरेक्टरी रिकामी असेल तर एलएस काहीच बोलत नाही. डिरेक्टरीच नसेल तर अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही, असं सांगते. आत पाहण्याची मुभा नसेल तर परवानगी नाकारली म्हणते. ही तीन वेगळी ‘नाही’ आहेत, आणि तिसरं तर अभावाचं ज्ञानच नव्हे. पण कार्यालयात तिन्हींचा अहवाल ‘काही सापडलं नाही’ असाच जातो.

परवानगीची रचनाही मोठी रसाळ आहे. डिरेक्टरी वाचण्याची परवानगी वेगळी आणि तिच्यातून पुढे जाण्याची वेगळी. दुसरी आहे पण पहिली नाही, अशा वेळी यादी मिळत नाही, मात्र फाइलीचं नेमकं नाव सांगितलंत तर ती उघडते. जुन्या वाचनालयाची खिडकी आठवा. आत जायचं नाही, कपाटं पाहायची नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं तर पुस्तक बाहेर येणार. ज्याला नाव ठाऊक त्याला ग्रंथ, बाकीच्यांना भिंत. आमच्या पिढीनं अर्धं शिक्षण या खिडकीशी उभं राहून केलं.

हे सगळं आपल्या गावांत कधी आलं? बँकांतून. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि त्यानंतर बँकांत संगणक दिसू लागले. त्यांतल्या पुष्कळांवर युनिक्स किंवा त्याची भावंडं होती. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही चाकरमान्यांची गावं. सकाळच्या लोकलला लटकून मुंबईला जाणाऱ्या कितीतरी बँक कारकुनांनी एलएस हा शब्द इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या आधी शिकला. त्याच सुमारास छापखान्यांत आणि कार्यालयांत डॉसवाले संगणक आले. तिथली आज्ञा ‘डिर’, आणि फाइलीच्या नावाला आठ अक्षरं, टिंब, मग तीन. रोमन लिपीत.

मजकूर मराठीत करता येऊ लागला होता. पुण्याची सी-डॅक १९८८ ची, आणि भारतीय लिप्यांसाठीचं ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये पक्कं झालं. पण नावाची जागा रोमनच राहिली. आत ज्ञानेश्वरीवरचा लेख आणि बाहेर ‘एलईकेएच१’. स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांचे इतिवृत्तांत, सगळे ‘एसएमआर९४’ असल्या नावांनी फ्लॉपीवर गेले. ज्यानं नाव दिलं तो गेला की यादी उरली, पण वाचता न येणारी. मोडी कागदाच्या रुमालावर निदान वरच्या चिठ्ठीत ओळभर मजकूर असायचा.

देवनागरी नावांची वाट मोकळी झाली ती युनिकोड आणि यूटीएफ-८ या पद्धतीमुळे. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी अंथरणावर तिची मांडणी झाली. मांडणारे कोण? तेच केन थॉम्पसन आणि रॉब पाइक. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्रा, अनुस्वार, हलंत हीदेखील स्वतंत्र चिन्हं. ‘ठाणे’ म्हणजे चार चिन्हं, १२ बाइट. ‘कल्याण’ सहा चिन्हं, १८ बाइट. ‘डोंबिवली’ आठ, म्हणजे २४. सातव्या आवृत्तीची ती १४ बाइटांची ओळ आठवा. तिच्यात आपल्या तीन शहरांपैकी एकटं ठाणे मावलं असतं. आज लिनक्सच्या सामान्य व्यवस्थेत २५५ बाइटांची मुभा आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. पुरतात.

पण नाव साठवता येणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. यंत्राला ‘मराठी दाखवायचं आहे’ किंवा निदान ‘यूटीएफ-८ आहे’ हे सांगितलेलं नसेल, तर जुनी एलएस प्रत्येक अनोळखी बाइटाला एक प्रश्नचिन्ह छापते. ‘ठाणे’च्या जागी बारा प्रश्नचिन्हं. नवी एलएस प्रश्नचिन्हांऐवजी आकड्यांची माळ दाखवते, पण वाचणाऱ्याला फरक पडत नाही.

याच परिसरातल्या एका संस्थेत, तिचं नाव घेत नाही, आम्ही हे घडताना पाहिलं. कार्यकर्त्यांनी दोन वर्षं खपून जुने अंक स्कॅन केले, फोल्डरांना चांगली मराठी नावं दिली. त्याची प्रत एका जुन्या यंत्रावर ठेवली होती. कोणीतरी तिथे यादी काढली, ओळीनं प्रश्नचिन्हं. ‘फाइली करप्ट झाल्या’ असा निर्णय झाला, आणि जागा मोकळी करण्यासाठी त्या पुसायच्या असं कार्यकारिणीत ठरलंसुद्धा. मूळ डिस्क तोवर बंद पडलेली होती, म्हणजे पुसलं असतं तर उरलं काहीच नसतं. बैठकीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते म्हणाले, पुसण्याआधी मला एकदा लांब यादी काढू द्या. ‘एल’ पर्यायानं आकार, तारखा आल्या. आकार शून्य नव्हते, तारखा स्कॅनच्या दिवसांच्या होत्या. त्यांनी भाषेची मांडणी बदलली, पुन्हा दोन अक्षरं टंकली, आणि अंकांची नावं वर्षांसकट उभी राहिली. बिघाड कपाटात नव्हता, चष्म्यात होता. त्या बैठकीत कोणाला कुमारिल भट्ट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न त्यांचाच होता: असतं तर इथे दिसलं असतं का?

उलटा घोटाळाही होतो. त्याच फोल्डरांत ‘बँक’ या नावाचे दोन कप्पे निघाले. एकाच डिरेक्टरीत एकच नाव दोनदा येऊच शकत नाही, मग हे कसं? एकानं चंद्रबिंदू वापरून लिहिलं होतं, दुसऱ्यानं अर्धचंद्र देऊन वर अनुस्वार. डोळ्याला एक, यंत्राला दोन. ‘ॲ’चं तसंच; त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीचे लोक ‘अ’वर अर्धचंद्र चढवत. कुसुम-सुलभाच्या प्रकरणात व्यक्ती एक आणि नावं दोन होती. इथे नाव एक दिसतं आणि वस्तू दोन. पोटात निम्मी निम्मी कागदपत्रं, आणि एक कप्पा उघडून पाहणारा ठामपणे सांगणार की १९७० नंतरचं काही नाही.

शेवटी क्रमाबद्दल थोडं, कारण सुरुवात तिथून केली होती. कल्याणपुढे गाडी दोन वाटांनी जाते, कर्जतकडे आणि कसाऱ्याकडे. आता ‘क’ची नावं लावा. आपण शाळेत य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असं म्हणत आलो. त्या हिशोबानं कर्जत, कल्याण, कसारा, आणि सगळ्यात शेवटी कळवा. पण इस्की आणि तिच्यावरून युनिकोड यांची मांडणी सर्व भारतीय लिप्यांना समान धरून झाली. तिथे ळ बसला ल च्या शेजारी. नुसत्या बाइटांच्या क्रमानं चालणारी एलएस म्हणून कळव्याला कसाऱ्याच्या आधी घालते. मराठीचा क्रम यंत्राला वेगळा शिकवावा लागतो, आणि तो शिकवण्याची सोयही आहे. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी घरी गेल्यावर दोन रिकाम्या फाइली करा, एकीचं नाव कळवा, दुसरीचं कसारा. यादी काढा आणि कोण आधी येतं ते पुढच्या वेळी येऊन सांगा. आता प्रश्न घेऊ.